शब्दचर्चा : प्रतिजन, ओळख आणि स्मृती

अनुवादक : शरीर जंतूंना कसे 'ओळखते' आणि त्यांची 'स्मृती' कशी ठेवते, यावरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या एका लेखात मी 'प्रतिजन' (अँटिजेन) लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'घुसखोर' केले, कारण वाचक प्रतिजन म्हणजे 'विरोधी पक्षाचे लोक' असा अर्थ लावतील, अशी त्यांना भीती वाटते. कोणता शब्द ठेवावा?

जीवशास्त्र शिक्षिका : प्रतिजन म्हणजे अख्खा जंतू नव्हे, लसीका पेशीच्या (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या) ग्राहीला, म्हणजे तिच्यावरच्या पकड घेणाऱ्या रेणूला, जुळणारा, बहुधा जंतूच्या पृष्ठभागावरचा रेणू म्हणजे प्रतिजन. परागकणांतही तो असतो, म्हणून 'घुसखोर' चुकीचा ठरतो. इथला 'जन' जनक या अर्थाचा आहे. मला खटकते ते 'ओळखणे' हे क्रियापद. शास्त्रज्ञ बर्नेट यांनी १९५७ साली मांडल्याप्रमाणे, जंतू येण्याआधीच नाना तऱ्हेच्या ग्राहींच्या पेशी शरीरात तयार असतात आणि ज्या पेशीचा ग्राही जुळतो तिचीच संख्या वाढते. ही विविधता जनुकांच्या तुकड्यांच्या फेरजुळणीतून येते, हे दाखवल्याबद्दल तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल मिळाले. ही ओळख नसून निवड आहे.

निवृत्त डॉक्टर : बाई, तर्क मान्य आहे, पण 'निवड' म्हटले तरी निवडणारा कोण, हा प्रश्न उरतोच. रूढ क्रियापद राहू द्यावे. 'स्मृती' तर अगदी यथार्थ आहे. १८४६ साली उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या वृद्धांना तो पुन्हा झाला नाही, असे डॅनिश डॉक्टर पानुम यांनी नोंदवले. पासष्ट वर्षे टिकणाऱ्या गुणाला दुसरे काय म्हणावे? माझी आजीही 'गोवर एकदा निघाला की निघाला' असेच म्हणत असे.

भाषाप्रेमी : ही स्मृती ठेवणाऱ्या पेशींना 'स्मृतिपेशी' नको, 'स्मृतिकोशिका' हवे, पेशी हा शब्द स्नायूंसाठी राखावा.

जीवशास्त्र शिक्षिका : पाठ्यपुस्तकांनी पेशी रुजवली आहे. मुलांना आता कोशिका शिकवण्यात काय हशील?

भाषाप्रेमी : मग 'लसीका' तरी कशी रुजली? जखमेतून जी वाहते ती लस, आणि माझ्या मते टोचायची लसही तीच.

निवृत्त डॉक्टर : याला इतिहासाचा आधार आहे. १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली आणि तिच्या फोडातील द्राव पुढे इतरांना टोचला गेला. तेव्हा लस खरोखरच फोडातून येत असे.

भाषाप्रेमी : मग 'देवी काढणे' हा वाक्प्रचार आधीचा की 'लस टोचणे' हा?