पंख्यावरचे तारे आणि ग्राहकाची दूरदृष्टी

निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर
पारा चाळिशी ओलांडला की आपल्याकडे पंखा दिवसाचे पंधरा तास तरी फिरतो. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा, ३० वॅटच्या आसपास. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला २० युनिटे वाचतात. ज्या घराचा वापर १०० युनिटांपुढे जातो, तिथे पुढच्या युनिटाला जवळजवळ दुप्पट दर पडत असल्याने किमतीतला दीड हजारांचा फरक सात-आठ महिन्यांत भरून निघतो. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचत दाखवणाऱ्या ताऱ्यांची पट्टी सक्तीची आहे, तरी दुकानात गिऱ्हाईक विचारते ते किंमत आणि रंग. ग्राहक उद्याचा विचार करीत नाही, पर्यावरणाचा तर नाहीच, असे माझे मत आहे.

भाडेकरू, अशोक चौक
सर, हिशेब बरोबर आहे, पण तो आपल्या घराचा आहे. आमचा वापर शंभराच्या आतच राहतो, त्यामुळे २० युनिटांचे महिन्याला सव्वाशेच्या आसपासच रुपये होतात, आणि यंत्रमागावरच्या आठवड्याच्या पगारातून दीड हजार एकदम बाजूला काढणे सोपे नाही. जेरी हाउसमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७९ मध्ये एसीच्या खरेदीवरून हेच दाखवले होते, की उत्पन्न जितके कमी, तितके उद्याच्या बचतीला आज कमी मोल दिले जाते. याला अदूरदृष्टी म्हणायचे की हाती रोकड नसणे? केंद्र सरकारच्या उजाला योजनेत एलईडी बल्ब सत्तर रुपयांना मिळू लागले, तेव्हा आमच्याच गल्लीने ते घेतले.

एसी दुरुस्ती करणारा, होटगी रस्ता
आपण दोघेही खरेदीपाशीच थांबलात. पाच ताऱ्यांचा एसी घेतला म्हणून तो निर्धास्तपणे १८ अंशांवर चालवणारी घरे मी रोज पाहतो. एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, हे सांगितले की लोक मान डोलावतात आणि मी जिन्यापर्यंत पोहोचेतो रिमोट पुन्हा खाली आलेला असतो. यंत्र काटकसरी झाले की वापर वाढतो, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच कोळशाबाबत मांडले होते. आपल्या आजोबांची माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे जाड मातीमुळे विजेवाचून गार राहत. आपण ती पाडून स्लॅब टाकला आणि आता त्या स्लॅबची उष्णता एसीने उपसतो. त्यासाठी लागणारी वीज बहुतांशी कोळशाचीच आहे. आपल्याच शेजारचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उजनीच्या पाण्यावर चालतो, हे बिलावर छापलेले नसते.

निवृत्त शिक्षक
ताई, रोकडीचा मुद्दा मान्य. पण ज्यांच्याकडे ती आहे, त्यांचे काय? आमच्या इमारतीत छतावर सौरपटल बसवण्याची चर्चा झाली. घरगुती ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, हे सर्वांना पाठ होते; कोळशाचे नाव मात्र कोणी काढले नाही. आणि भाड्याच्या घरात पैसे का घालावेत असे म्हणाल, तर पंखा घर सोडताना काढून नेता येतो.

भाडेकरू
पंखा नेता येतो, सर, पण स्लॅबला लावलेला चुना नेता येत नाही. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. मागच्या मार्चमध्ये स्वखर्चाने चुना लावू का, असे घरमालकांना विचारले. ते लगेच हो म्हणाले, आणि खोली गार झाल्यावर जूनमध्ये भाडे वाढवले.