झोटेरोचा डेटा फोल्डर क्लाउडमध्ये ठेवावा का?

पानगळ:
प्रबंधासाठी झोटेरो (संदर्भ आणि पीडीएफ सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरते. एक डेस्कटॉप, एक लॅपटॉप. दोन्हीकडे तेच संदर्भ हवेत. झोटेरोच्या सिंकला फुकट जागा ३०० एमबीच, माझ्या पीडीएफ काही जीबी आहेत. क्लाउडवर जागा विकत घेतलेलीच आहे. झोटेरो सगळं ज्यात साठवतं तो अख्खा डेटा फोल्डर तिथे टाकला तर? एका वेळी एकाच मशीनवर उघडेन. जाणकारांनी सल्ला द्यावा.

तिसरा_मजला:
मी असंच वापरतो. अजून तरी काही झालं नाही.

खटपट्या:
नको. झोटेरोवालेच स्पष्ट नाही म्हणतात. त्यातला डेटाबेस एसक्यूलाइटचा आहे, म्हणजे सगळ्या नोंदी एकाच फाइलीत ठेवणारा. काम चालू असताना एसक्यूलाइट मूळ फाइलशेजारी आणखी एक फाइल ठेवतं, पद्धतीनुसार तिचं नाव जर्नल किंवा डब्ल्यूएएल. लिहिताना मध्येच वीज गेली तर त्या जोडफाइलीवरूनच डेटाबेस पुन्हा धड होतो. सिंकच्या प्रोग्रॅमला हे नातं माहीत नसतं. तो मूळ फाइल आत्ता उचलतो, जोडफाइल थोड्या वेळाने. पलीकडे पोहोचते ती अशी जोडी, जी एका क्षणाची कधी नव्हतीच. आणि खराबी लगेच कळेलच असं नाही; डेटाबेसचा बिघडलेला भाग वाचायची वेळ येईपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. तिसरा मजला, तुमचं 'काही झालं नाही' म्हणून मला पुरेसं वाटत नाही.

पानगळ:
पण झोटेरो बंद करूनच मशीन बदललं तर?

खटपट्या:
धोका कमी होतो, जात नाही. झोटेरो बंद झालं म्हणजे अपलोड संपलं असं नव्हे. लॅपटॉपचं झाकण मिटलंत, डेस्कटॉपवर जुनी प्रत उघडून टिपा लिहिल्या, की दोन फाटे फुटले. सिंकवाला 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' करून मोकळा. दोन वर्ड फाइली डोळ्यांनी ताडून जुळवता येतात, दोन डेटाबेस कसे जुळवणार?

शाईचा_डाग:
+१. तुमचा पेच फक्त पीडीएफचा आहे. संदर्भ आणि टिपांचं सिंक फुकट आहे, त्याला ती ३०० एमबीची मर्यादा लागत नाही. ते चालू करा. डेटा फोल्डर दोन्हीकडे लोकल ठेवा. पीडीएफ क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवून 'लिंक्ड फाइल' म्हणून जोडा (झोटेरोत फाइल नाही, फक्त तिचा पत्ता राहतो) आणि बेस डिरेक्टरी, म्हणजे तो फोल्डर कुठे आहे ते, प्रत्येक मशीनवर नेमून द्या. वेबडॅव्हची (झोटेरोला पीडीएफ दुसऱ्या सर्व्हरवर सिंक करता येतात ती पद्धत) सोय असेल तर हा खटाटोपही नको.

विंडोजवर अजून एक पाहा: वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर डॉक्युमेंट्स फोल्डर आपोआप सिंकमध्ये जातो. कितीतरी प्रोग्रॅम आपला डेटा तिथेच ठेवतात, आपल्याला पत्ताही नसतो.

तिसरा_मजला:
मग कीपासची (पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल? ती तर सगळेच क्लाउडवर ठेवतात.

खटपट्या:
ती चालते. छोटी फाइल, सेव्ह करताना अख्खी नव्याने लिहिली जाते, सोबत जोडफाइल नसते. शिवाय दोन प्रती झाल्या तरी कीपासला त्यांतल्या नोंदी एकत्र करता येतात.

पानगळ:
धन्यवाद! लिंक्ड फाइलचा मार्ग पटला. बॅकअप मात्र क्लाउडवर चालेल ना?

शाईचा_डाग:
चालेल. झोटेरो बंद करून डेटा फोल्डरची झिप करा, नावात तारीख घाला आणि ती झिप चढवा. जुन्या झिप लगेच पुसू नका, खराबी उशिरा कळली तर मागची प्रत लागेल. आणि झोटेरोच्या ग्रुप लायब्ररीत (अनेकांच्या सामायिक संग्रहात) लिंक्ड फाइली चालत नाहीत. गाइडसोबत ग्रुप असेल तर तिथल्या पीडीएफ वेगळ्या चढवाव्या लागतील.