हिमेजीचा मुख्य बुरूज लाकडी, मग किल्ला लढणार कसा?

कोरी पाटी: गेल्या महिन्यात जपानमधला हिमेजीचा किल्ला पाहून आलो. दिसायला देखणा, पण मुख्य बुरूजाच्या, म्हणजे मधल्या उंच इमारतीच्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचल्यावर एकच विचार डोक्यात: खांब लाकडाचे, जिने लाकडाचे. चार पेटते बाण आले की संपलं! आणि भिंतीतली ती गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं नुसती शोभेची का?

चिरेबंदी: शोभेची मुळीच नाहीत, त्या जंग्या आहेत. जपानीत 'सामा'. उंच, उभट आहेत त्या बाणांसाठी. गोल, त्रिकोणी आणि चौकोनी बंदुकांसाठी. आतून रुंद आणि बाहेर निमुळत्या, म्हणजे आतल्याला नेम धरायला जागा आणि बाहेरच्याला दिसतं ते जेमतेम छिद्र.

लाकडाचं म्हणाल तर त्यावर चुन्याचा जाड गिलावा आहे. चुन्यात तागासारखे धागे आणि समुद्री शेवाळाची खळ घालतात. भिंतीच काय, छपराच्या कौलांचे सांधेही लिंपलेत. ते पांढरेपण आगीपासून बचावासाठीच आहे.

पण तुम्ही किल्ला वरून खाली पाहिलात, मी म्हणेन खालून वर पाहा. मी गेलो तेव्हा 'हा' नावाच्या दरवाजाकडे (तिथल्या दरवाजांना जपानी अक्षरांची नावं आहेत) चढताना मुख्य बुरूज अगदी समोर होता, वाटलं पोचलोच. दरवाजा ओलांडला आणि वाट गर्रकन उलटी फिरली, बुरूज पाठीमागे! पुढचा 'नी' दरवाजा बुटका नि अंधारा, तिथून एका वेळी फार माणसं जाऊच शकत नाहीत. त्यापुढचा 'हो' तर आणखी चिंचोळा, लोखंडी पत्रे ठोकलेला. या सगळ्या चालीत उजव्या-डाव्या हाताला जंग्या तुमच्यावर रोखलेल्या. तिथला सरदार इकेदा तेरुमासा याने १६०१ ते १६०९ मध्ये किल्ल्याला आजचं रूप दिलं ते याच हिशेबाने. खरी लढाई त्या वाटेवर व्हायची, बुरूज अगदी शेवटचा.

ओला खंदक: शत्रूला वाटेतच अडवायला दगडी तटच हवा असंही नाही. मिशिमाजवळ यामानाका किल्ला पाहा, निव्वळ मातीचा. खंदकाच्या तळाशी शेतातल्या वाफ्यांसारखे चौकोन, मध्ये निसरड्या मातीचे बांध. एका वाफ्यातून चढून निघावं तर पुढचा तयार. तरी १५९० मध्ये जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या हिदेयोशीच्या फौजेपुढे अर्ध्या दिवसात पडला. बचावाला सुमारे चार हजार, समोर कित्येक पट.

कोरी पाटी: मग हिमेजीवर तर वेढ्याची लढाई झालीच नाही ना? ही वाट खरंच कामी आली असती हे कशावरून?

चिरेबंदी: रास्त प्रश्न. त्यासाठी कुमामोतोला जावं लागेल. कातो कियोमासा या सरदाराचा किल्ला, १६०७ मध्ये पुरा झालेला. तटाचा उतार पायथ्याशी सौम्य, म्हणून माणूस उमेदीने चढू लागतो; वर जाता जाता दगड सरळ उभे होत जातात आणि पाय ठरत नाही. १८७७ मध्ये सरकारविरुद्ध बंड केलेल्या साइगो ताकामोरीच्या, सात्सुमा प्रांतातल्या सैन्याने त्याला वेढा घातला. आत सरकारचं भरती केलेलं सैन्य, बाहेर पिढीजात सामुराई. सुमारे पन्नास दिवस धडका देऊनही त्यांना आत शिरता आलं नाही.

आणि तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तरही तिथेच आहे: तिथला मुख्य बुरूज हल्ल्याच्या काही दिवस आधीच जळून गेला होता, तरी किल्ला टिकला.