देवराईत पाचशे रोपं लावायची आहेत. दुर्मीळ झाडांना जागा द्यावी का?

व्हाळकाठी

दक्षिण सिंधुदुर्गात आमच्या गावाची राई आहे, जेमतेम दोन हेक्टर. मधून व्हाळ, म्हणजे ओढा, जातो आणि त्याच्या एका अंगाला बारमाही चिखल. गेल्या उन्हाळ्यात वरच्या बाजूला काजूसाठी डोंगर साफ झाला आणि राईची कड उघडी पडली. गावाने पैसे जमवलेत, या पावसात पाचशे रोपं लावायची आहेत. बैठकीत बहुतेकांचं म्हणणं पडलं, जगेल ते लावा: ऐन, किंजळ, जांभूळ, उंबर. मी म्हटलं, शंभर तरी जागा दुर्मीळ झाडांना ठेवा, त्यातही चिखलातल्या रानजायफळाला. त्यावर एकाने विचारलं, "राईत ती झाडं आहेत किती? त्यांच्यावाचून राईचं काय अडलंय?"

तोच प्रश्न इथे मांडतोय. माझं उत्तर असं आहे.

हे रानजायफळ म्हणजे मिरिस्टिका मॅग्निफिका. सगळ्या पश्चिम घाटात ते अगदी मोजक्या दलदलींत उरलंय. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई, आपल्याकडे दोडामार्गातलं बांबर्डे, जिथली दलदल सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आमच्या चिखलात पाय दाबला की बुडबुडे येतात, कुजक्या पानांचा वास सुटतो. त्या मातीत हवाच नाही. म्हणून रानजायफळाची मुळं वर येतात, वाकवलेल्या गुडघ्यासारखी, आणि पुन्हा आत शिरतात. तिथे कुणीतरी हौसेने साग लावला होता. दुसऱ्या पावसात मुळं कुजून मेला. आमचे एक आजोबा म्हणतात, "राय असा म्हणान पाणी असा." मला त्यात तथ्य दिसतं. संख्येने थोडं असलेलं झाड कमी कामाचं, हे मला पटत नाही. ते कुठे उभं आहे आणि तिथे दुसरं कोण उभं राहू शकतं, हे बघायला हवं.

रोपवाला

व्हाळकाठी, तुमची तळमळ पोचली, पण असहमत. वीस वर्षं रोपवाटिका चालवतोय.

पहिली गोष्ट, चिखलात दुसरं कुणी उभं राहत नाही हे बरोबर नाही. करंज राहतो, समुद्रफळ राहतं. साग मेला, कारण सागाला पाणी साचलेलं सोसत नाही. त्यावरून रानजायफळाचं महत्त्व सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट, जायफळाच्या कुळातलं बी वाळलं की मेलं. चार दिवस पिशवीत राहिलं तर फेकून द्या. त्यातून रोप झालंच तर त्याला सावली लागते. उघड्या कडेला लावलंत तर मार्चच्या उन्हात करपेल. अशा रोपांच्या ओळीच्या ओळी जळलेल्या पाहिल्यात आणि दर वेळी जीव हळहळलाय. शंभर रोपांचे पैसे, मजुरी आणि गावाचा विश्वास, तिन्ही जातात. आधी कड बंद करा, तीही साध्या झाडांनी.

आकडेमोड

रोपवाल्यांशी सहमत, पण माझा मुद्दा रोपांपुरता नाही.

ॲमेझॉनच्या जंगलात झाडांच्या साधारण १६,००० जाती असाव्यात, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या फक्त २२७ जातींत एकूण झाडांपैकी निम्मी झाडं येतात. सगळ्यात दुर्मीळ ११,००० जाती एकत्र केल्या तरी ०.१२ टक्के भरतात. कार्बन साठवण्याचं निम्मं कामही जेमतेम एक टक्का जाती करतात. म्हणजे सावली, पालापाचोळा, ओल ही कामं ओढतात ती सामान्य झाडं.

दुर्मीळ जीवांबद्दलच्या गोष्टी आपल्याला फार लवकर पटतात. मॉरिशसमधल्या तांबालाकोक झाडाचं बी डोडो पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, म्हणून डोडो संपला आणि झाडही संपत आलं, असं १९७७ साली मांडलं गेलं. पाठ्यपुस्तकांत गेलं. पुढे लक्षात आलं की डोडोनंतर रुजलेली झाडं तिथे आहेत आणि बी डोडोशिवायही रुजतं.

सरळ विचारतो. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी एक छोटा मासा २०२० साली नवी जात म्हणून नोंदला गेला. तो जपावा असं मलाही मनापासून वाटतं. पण उद्या तो नाहीसा झाला तर आंबोलीच्या रानाचं काय बिघडेल? प्रामाणिक उत्तर द्या. जपण्याचं कारण नैतिक असेल तर तसं म्हणा, त्यात कमीपणा नाही. निसर्गाचा गाडा त्याच्यावर चालतो असं म्हणू नका.

प्रवाळ

आकडेमोड, तुमचे आकडे चांगल्या वर्षाचे आहेत. वाईट वर्षात काय होतं, ते ग्रेट बॅरियर रीफवर दिसलं.

ऑर्फियस बेटापाशी संशोधकांनी प्रवाळाच्या काही भागावर पिंजरे लावले, मोठे मासे आत येऊ नयेत म्हणून. तीन वर्षांत आत सरगॅसम शेवाळाचं रान माजलं आणि प्रवाळ दबला. मग पिंजरे काढून पाण्यात कॅमेरे ठेवले. अपेक्षा अशी की पोपटमासे आणि सर्जनमासे, जे तिथे भरपूर आहेत आणि शेवाळ खाण्यासाठीच ओळखले जातात, ते हे रान साफ करतील. त्यांनी फारसं काही केलं नाही. साफ केलं ते प्लॅटॅक्स पिनॅटस या वटवाघूळमाशाने. तो तिथे क्वचित दिसतो आणि बिनकण्याचे छोटे जीव खातो असाच समज होता. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. पिंजऱ्याआधी कुणी विचारलं असतं की या माशाचं इथे काय काम, तर उत्तर आलं असतं, काही नाही.

दुसरं, २०१३ सालचाच एक अभ्यास. प्रवाळातले ८४६ मासे, आल्प्समधल्या २,९७९ वनस्पती आणि फ्रेंच गयानातली ६६२ झाडं. तिन्हीकडे एकच चित्र निघालं. ज्या गुणांचा मेळ दुसऱ्या कुणात सापडत नाही, तो बहुतेक वेळा दुर्मीळ जातींकडे असतो. कामगार थोडे असतील, पण ते काम येणारे तेवढेच.

आकडेमोड

वटवाघूळमाशाचा दाखला मान्य, तो मला खोडता येत नाही. पण गयानाच्या अभ्यासात गुण मोजलेत. ते झाड गेल्यावर जंगलाचं काय झालं, हे मोजलेलं नाही. गुण वेगळा असणं आणि त्यावर काही अडणं यात अंतर आहे.

गिधाडं आठवा. नव्वदच्या दशकापर्यंत गावोगाव ढोर टाकायच्या जागी थव्याने बसायची. ढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक गेली. जनावरांसाठी ते औषध २००६ साली बंद झालं, तोवर खेळ संपला होता. हाहाकार झाला तो सामान्य पक्षी संपल्यामुळे. मला भीती त्याची वाटते. दुर्मीळाच्या मागे धावताना आपण उंबर आणि जांभूळ मोजणंच सोडून देतो.

ढोलीखाली

मी धनेशाच्या घरट्यांची नोंद ठेवते, म्हणून या चर्चेत पडते.

मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते, नर फटीतून फळं भरवतो. ढोलीखाली उभं राहिलं की वर काय चाललंय ते जमिनीवर वाचता येतं. बियांचा ढीग पडलेला असतो. बराचसा वड-उंबराचा बारीक चुरा, आणि मध्येच एक टपोरं, गुळगुळीत बी, त्याला लाल पत्रीचा, म्हणजे बियावरच्या जाळीदार सालीचा, एखादा धागा चिकटलेला. ते रानजायफळाचं. उंबर सगळेच खातात, बुलबुलापासून वटवाघळापर्यंत. एवढं मोठं बी गिळून दूर नेणारे किती? महाधनेश आणि त्याचे भाऊबंद, फार तर मोठी रानकबुतरं. आणि महाधनेश आज आपल्याकडे किती उरलाय, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आकडेमोड, उंबर धनेशाला जगवतो, हे तुमचं खरंच आहे. पण रानजायफळाला नवी जागा मिळवून देतो तो धनेश. करंजाच्या शेंगेसाठी धनेश येत नाही. रोपवाले म्हणाले तसा चिखलात करंज उभा राहील, पण जायफळाचं काम करणार नाही.

रानजायफळाच्याच कुळातल्या रामपत्रीचंही बोलायला हवं. मसाल्यासाठी फळं कच्चीच उतरवली जातात. मग खाली बीही नाही आणि धनेशालाही काही नाही.

रोपवाला

ढोलीखाली, करंजाचा मुद्दा पटला. मी फक्त जगतं की मरतं तेवढंच पाहत होतो.

तरी शंभर रोपं उघड्यावर लावणं मला मान्य नाही. व्हाळकाठी, असं करा. कडेला ऐन, किंजळ, जांभूळ, उंबर दाट लावा. रानजायफळ फक्त चिखलात, जुन्या झाडांच्या सावलीत, चाळीस-पन्नासच. बी राईतलंच घ्या, बाहेरून आणू नका. पडल्याच्या दिवशी पत्री सोलून ओल्या वाळूत घाला. सगळं बी मात्र उचलू नका, निम्मं झाडाखाली राहू द्या. कडेची सावली धरली की तीन-चार वर्षांनी पुढची खेप.

व्हाळकाठी

शंभराचा हट्ट सोडतो. उन्हाचं गणित मी केलंच नव्हतं.

आकडेमोड, तुमच्या माशाच्या प्रश्नाला माझं प्रामाणिक उत्तर: बहुधा आंबोलीचं रान उभं राहील. पण पिंजरा काढायच्या आधी वटवाघूळमाशाबद्दल मीही हेच म्हटलं असतं, म्हणून त्या "बहुधा"वर राई लावायची माझी तयारी नाही. आणि तो कायमचा गेला तर मला दुःख होईल, हेही कारण मला पुरेसं आहे.

काल पुन्हा चिखलात उतरलो. गुडघ्यांच्या मधे या वर्षीची रोपं मोजली. अकरा सापडली. सगळी आईच्या झाडापासून दहा पावलांच्या आत, त्यापलीकडे एकही नाही. ढोलीखाली, धनेश आमच्याकडे आता उडत जाताना दिसतात, उतरत नाहीत. राईत एक जुना पोकळ बेहडा आहे, त्याची ढोली पावसाने तळातून खचली आहे. तळ भरून दिला तर जोडी बसते का? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा, बैठक रविवारी आहे.