गटार तुंबलेलंच आहे, ॲपवर मात्र "तक्रार निकाली", आता कुठे जायचं?

मागचीगल्ली
आमच्याकडे नगरपरिषद आहे, महापालिका नाही, हे आधीच सांगतो कारण सल्ले नेहमी महापालिकावाल्यांचे येतात. गल्लीच्या तोंडाशी उघडं गटार आहे ते पावसाळ्याआधीपासून तुंबलंय, सांडपाणी रस्त्यावर येतं आणि त्यातनंच पोरं शाळेत जातात. स्वच्छता ॲपवर फोटो टाकला तर थोड्याच दिवसांत मेसेज, तक्रार निकाली, आणि काम झाल्याचा म्हणून जो फोटो लावलाय त्यात पेव्हर ब्लॉक दिसतायत, आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक कुठून यायला! आरोग्य विभाग म्हणतो बांधकामचं काम, बांधकाम म्हणतं सफाईचा ठेका दिलाय त्यांना विचारा, ठेकेदार फोन उचलत नाही. एका क्लार्कने हळूच सांगितलं की साहेब निधीच नाहीये. मध्ये शेजारचे आजोबा त्या घाणीत घसरून पडले, मनगट मोडलं.
निधी नाही म्हटल्यावर विषय संपतो का? गल्लीतले म्हणतायत घरपट्टीच भरायची नाही, ते चालेल का? आणि माहिती अधिकाराने खरंच काही हलतं का, की नुसते कागद?

आवकजावक
घरपट्टी थांबवू नका, प्लीज. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते आणि वसुलीला माणसं मात्र त्यांच्याकडे कधी कमी पडत नाहीत. भरा आणि पावतीची झेरॉक्स तक्रारीला जोडा, बोलायला तोंड राहतं.
ॲपवरची तक्रार मी तक्रार धरतच नाही. साध्या कागदावर मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज, दोन प्रती, आवक टेबलला द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक पडल्याशिवाय तिथून हलायचं नाही. "साहेब आले की देतो" म्हणाले तर सरळ स्पीड पोस्ट करा. आणि अर्जात नुसतं "गटार साफ करावे ही विनंती" नको, गटार कुठून कुठपर्यंत, कधीपासून तुंबलंय, कोण पडलं, आणि नेमकं काय करून हवंय (गाळ काढणे, वर झाकणं बसवणे) असं लिहा. नगरपरिषद अधिनियम 1965 च्या कलम 49 प्रमाणे सफाई आणि गटारं ही बंधनकारक कर्तव्यं आहेत, मर्जीची नाहीत, ही ओळ टाकाच. आरोग्य की बांधकाम हे त्यांचं त्यांनी ठरवावं, अर्ज मुख्याधिकाऱ्यांना आहे.
तो पेव्हर ब्लॉकवाला स्क्रीनशॉट सांभाळून ठेवा. खोटा फोटो लावून तक्रार बंद केली हा वेगळा मुद्दा आहे, त्याचा अर्जही वेगळा द्या.

चहागाळणी
एवढं कशाला, लोकसेवा हक्क कायदा आहे की 2015 चा, अधिकाऱ्याला 5000 पर्यंत दंड होतो. त्यात टाका, सरळ येतील.

आवकजावक
@चहागाळणी तो कायदा अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवांसाठी आहे हो. जन्मदाखला, नळजोडणी, मालमत्ता नावावर करून घेणे, जिथे अर्ज केल्यावर ठरलेल्या मुदतीत काहीतरी हातात द्यायचंय, तिथे तो एकदम भारी आहे, पहिलं अपील, दुसरं अपील, मग सेवा हक्क आयोग, आणि दंड 500 ते 5000. पण गटाराची ओरड त्यात बसत नाही, "सदर सेवा अधिसूचित नाही" असं उत्तर येईल आणि मधले दिवस वाया. लोक सगळं एकाच कायद्यात कोंबतात आणि मग कायदाच फालतू म्हणतात.

दोनरुपयेपान
माहिती अधिकाराबद्दल. त्याने गटार साफ होत नाही पण आत हालचाल होते, फक्त मागायचं काय ते कळलं पाहिजे. "गटार का साफ केलं नाही" विचारलंत तर उत्तर येणार की असा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, आणि ते बरोबरच ठरतं. कागद मागा: तुमच्या अर्जाचा आवक क्रमांक टाकून त्यावरच्या टिपणीची (फाइलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या शेऱ्यांची) प्रत, सफाई ठेक्याचा कार्यादेश आणि करारनामा, तुमच्या प्रभागाची ठेकेदाराला अदा केलेली बिलं. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द असा नियम आहे तेव्हा पाल्हाळ नको. प्रतींना पानामागे 2 रुपये. 30 दिवसांत काही आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टँप. दुसरं अपील राज्य माहिती आयोगात, पण तिथे नंबर लागेपर्यंत तुमचा पुढचा पावसाळा पण निघून जाईल.
माझ्या मते खरी ताकद बिलांच्या प्रतींत आहे. तुमच्या गल्लीच्या सफाईचं बिल निघालेलं दिसलं तर विषय निधीचा उरतच नाही ना, पैसे गेलेत आणि काम नाही, असं होतं!

प्रांतऑफिससमोर
"निधी नाही" यावर सुप्रीम कोर्टाने 1980 मध्येच उत्तर देऊन ठेवलंय. रतलाम नगरपालिका विरुद्ध वर्दीचंद, मध्य प्रदेशातली केस, न्या. कृष्णा अय्यर यांचा निकाल. तिथेही हेच, उघडी गटारं, रस्त्यावर घाण, आणि नगरपालिका म्हणते पैसे नाहीत. कोर्टाने सांगितलं की पैशाची अडचण दाखवून मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही. महत्त्वाचं म्हणजे ते लोक आधी हायकोर्टात गेलेच नव्हते, उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे गेले होते, म्हणजे आपल्याकडचे प्रांत. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश, आता तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 152 आहे. आवक शिक्क्याचा अर्ज, तारखेचे फोटो, आजोबांचे दवाखान्याचे कागद जोडून प्रांतांकडे अर्ज द्या. सगळे प्रांत हे मनावर घेतात असं नाही, खरं सांगायचं तर बरेच जण तो अर्ज परत नगरपरिषदेकडेच "योग्य कार्यवाहीसाठी" पाठवतात, म्हणून अर्जात कलम लिहायचं आणि सुनावणी मागायची.
जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन (जिल्हाधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो) असतो तोही आहे, पण त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो, त्याच दिवशी गेलात तर ऐकून घेतील आणि चहा पाजतील.

मागचीगल्ली
रतलामचं माहीतच नव्हतं, भारी. आजोबांच्या खर्चाचं काही होईल का? मुलगा बाहेरगावी असतो, त्यांच्याच्याने कोर्टकचेरी होणार नाही.

दोनरुपयेपान
ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर 6 लाख आणि जखमीला 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलंय. आता घसरून पडणं त्यात बसवून घेतील का यावर नगरपरिषद वाद घालणारच, तरी त्याचा हवाला देऊन मागणी करा, मागायला काय जातंय.
दुसरं, तुमच्या जिल्ह्यात कायमस्वरूपी लोकअदालत आहे का ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा (सगळीकडे नाहीये). नेहमीची लोकअदालत वेगळी, ही वेगळी. पाणीपुरवठा, सार्वजनिक स्वच्छता या सेवांचे वाद तिथे कोर्टात जायच्या आधी नेता येतात, कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली नाही तर ते स्वतः निकाल देऊ शकतात. आजोबांना अर्ज लिहायला प्राधिकरणाकडूनच मदत मिळते का तेही तिथेच विचारून घ्या.

मागचीगल्ली
ओके. उद्या अर्ज टाइप करतो. एकच अडचण, सह्या द्यायला कोणी तयार नाही, प्रत्येकाचं काही ना काही काम नगरपरिषदेत अडकलेलं असतं.

आवकजावक
मग सामायिक अर्जाच्या नादी लागूच नका, एकट्याच्या नावानेही चालतो. जे तयार होतील त्यांना त्याच मजकुराचा आपापल्या नावाने अर्ज द्यायला सांगा, प्रत्येकाचा आवक क्रमांक वेगळा पडतो, तेवढ्या नोंदी रजिस्टरला वाढतात. आणि आजोबांचा अर्ज वेगळा ठेवा, त्यात गटाराच्या बाकीच्या गोष्टी नको, फक्त पडले कधी, कुठे, दवाखाना कुठला, बिल किती.