जीप ५५ ला थरथरते, चाकं बॅलन्स करून झाली. आता काय करू?

कासचा_वारा: महिंद्रा सीजे ३बी, १९७८ची, बाबांची. ५०च्या पुढं गेलं की सीटखालून थरथर सुरू होते. ५५-६० ला आरसा असा हलतो की मागं ट्रक आहे की टेम्पो कळत नाही. चारी चाकं दोनदा बॅलन्स केली, इंजिनची माऊंटिंग नवी टाकली. पैसे गेले, थरथर तशीच. रविवारी चुलतभावाची वरात आहे कराडला, नवरदेवाला हीच जीप हवीय. लवकर सांगा.

मिरजवाला: इंजिन पेट्रोल की डिझेल? फोर बाय फोर चालू आहे की पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट काढलाय? काहीच सांगायचं नाही आणि वर "लवकर सांगा".

कासचा_वारा: ओरिजिनल पेट्रोल हरिकेन इंजिन. फोर बाय फोर चालू.

उसाचा_रस: डिझेल इंजिन टाका. मी टाकलं, निम्म्या खर्चात फिरतो.

मिरजवाला: थरथर विचारलीय हो, ॲव्हरेज नाही.

रिटायर्ड_फिटर: ५५ ला न्यूट्रल करून गाडी सोडा. थरथर राहिली तर इंजिन-क्लच विसरा. मग पुढचा शाफ्ट सोडवून टू-व्हील ड्राइव्हवर फिरवून बघा. चाक शाफ्टपासून सोडवणारे लॉक हबला नसतील तर तो शाफ्ट फोर बाय फोर न टाकताही फिरत असतो. ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढं-मागं वाटणारी पेटी, तिच्यामागचा हँडब्रेकचा ड्रमही बघा, तो मागच्या शाफ्टबरोबरच फिरतो. नट ढिला असेल तर तोही नाचतो.

टायर_दादा: सगळं टायरचं आहे. जुने नायलॉन टायर उभ्या गाडीखाली चपटे पडतात.

रिटायर्ड_फिटर: चपट्या टायरची धडधड ३० लाही कळते. ६० ला चाक सेकंदाला सातेक फेऱ्या मारतं, शाफ्ट त्याच्या पाचपट. पायाला मुंग्या आल्यासारखी बारीक थरथर असेल तर शाफ्टच.

कासचा_वारा: न्यूट्रलला पण तशीच. पुढचा शाफ्ट काढून बघितला, फरक नाही. मुंग्यावाली.

रिटायर्ड_फिटर: खाली शेवटचं काम कधी केलं?

कासचा_वारा: दिवाळीत. मागच्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांचे कोनात फिरणारे सांधे, बदलले, मागच्या स्प्रिंगला एक जादा पाटा टाकला. नवंच काम आहे, त्यात काय बिघडणार म्हणून लिहिलं नाही.

मिरजवाला: धन्य आहात.

रिटायर्ड_फिटर: आणि थरथर दिवाळीनंतरचीच ना? क्रॉस टाकताना मिस्त्रीनं स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा दात्यांवर सरकणारा सांधा, ओढून वेगळा केला असणार. शाफ्टवर एक बाण असतो, क्रॉस धरणाऱ्या योकवर एक. दोन्ही समोरासमोर हवेत. दाते चुकवून बसवलं की एका क्रॉसचा झटका दुसरा मारत नाही, उलट वाढवतो.

मिरजवाला: पाटा काढा आधी. गाडी मागून उचलली की शाफ्टचा कोन वाढतो. माझ्या गाडीला हेच झालं होतं.

रिटायर्ड_फिटर: एका वेळी एकच गोष्ट. दोन्ही केलंत तर कशानं गेलं ते कळायचं नाही.

माहुलीकर: जरा अवांतर, या गाडीला व्हीए सीरिजचा विंटेज नंबर मिळतो का?

टायर_दादा: ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. थांबा अजून.

कासचा_वारा: काल रात्री बॅटरी दातात धरून खाली झोपलो. ग्रीस आणि लाल मातीचा थर पेचकसानं खरवडला, अर्धा तोंडावर पडला. शाफ्टवरचा बाण सापडला, योकवरचा दोन दाते बाजूला. जॉइंट ओढला, बाण जुळवले, ग्रीस मारलं. सकाळी शेंद्रे ते नागठाणे जाऊन आलो. ६० ला मागच्या ट्रकच्या कपाळावरचं नाव आरशात दिसतंय, उलटं का होईना. ६५ ला मात्र बारीक गुणगुण आहे अजून. फिटरकाका, कंदी पेढे कुठं पाठवू?

मिरजवाला: ती गुणगुण पाट्याची. मी आधीच म्हणालो होतो.

उसाचा_रस: वरातीत ६५ नं कोण पळवतंय?

रिटायर्ड_फिटर: पेढे राहू देत, साखर आहे मला. ड्रमचा नट बघितला का?

कासचा_वारा: राहिला.