पळायचे बूट शेवटी कोणते जमले? आपापले अनुभव लिहा

तापीकाठ
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) साफसफाईत माळ्यावरून एक खोकं निघालं, त्यात माझे पहिल्या हाफ मॅरेथॉनचे बूट. मुलीने एक उचलला तर वरचा भाग तिच्या हातात आणि तळ खाली, म्हणजे शब्दशः चुरा, अख्ख्या फरशीवर पिवळट पीठ. बायको झाडू घेऊन आली आणि म्हणाली "जपा अजून". तेव्हापासून डोक्यात बूटच चालूय म्हणून धागा काढला.

माझं थोडक्यात सांगतो. सुरुवात शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हासवर, जळगावच्या मेहरूण तलावाला एक चक्कर मारली की पिंढऱ्या दगड. मग स्टेशनजवळच्या दुकानातून "स्पोर्ट" घेतले, दिसायला भारी, आत काही नाही. मग ऑनलाइन सेलमध्ये मोठ्या कंपनीचे, तिथून खरी मजा सुरू. अंगठ्याचं नख काळं, करंगळीला फोड. सगळे म्हणाले एक नंबर मोठा घे, घेतला, तर टाच आत वरखाली व्हायला लागली आणि फोड पुढून मागे आला फक्त. त्यानंतर जाड गुबगुबीत सोलवाले, त्यात उतारावर घोटा डगमगायचा. कित्येक वर्षं हेच. पैसे किती गेले ते घरी सांगितलेले नाहीत, इथेही सांगत नाही.

शेवटी नाशिकला डेकॅथलॉनमध्ये असाच फिरत होतो, तिथल्या पोराने पाय मोजला, लांबीही आणि रुंदीही. म्हणे काका नंबर तुमचा बरोबरच आहे हो, पंजा रुंद आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणी रुंदी मोजली! मग रुंद मापाचे शोधले, टू-ई लिहिलेले असतात ते, न्यू बॅलन्समध्ये मिळाले. नख परत गुलाबी. तुमचं सांगा.

भुसावळ_जंक्शन
पीठ झालं म्हणजे पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) सोल असणार. तो हवेतली ओल धरतो आणि आतून तुटत जातो, एकदाही न घालता खोक्यात ठेवला तरी. ईव्हीए हा दुसरा फोम असा भुगा होत नाही पण कडक होतो. त्यामुळे सेलमध्ये जुना स्टॉक स्वस्त दिसला की आधी बनवल्याची तारीख बघायची, बऱ्याच बुटांच्या जिभेच्या आतल्या लेबलवर असते.

बाकी आमच्याकडे वेगळंच. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, बूट पत्र्याच्या गच्चीवर वाळत टाकले आणि विसरलो, संध्याकाळी सोल पुढून उघडून जबडा वासून बसलेला. मोच्याने चारी बाजूंनी शिवून दिला. पळायला लाकूड झाला पण शेतात पाणी भरायला अजून चालूय.

पळता_भुई
काय सांगू भो, मन्हा बी तसंच व्हयनं, बठ्ठा पैसा वाया गया

खाकी_स्वप्न
पोलीस भरतीवाल्यांचं पण लिहितो. १६०० मीटर ५ मिनिट १० सेकंदात मारलं तर २० पैकी २०, पुढं वेळ वाढेल तसे मार्क जातात. आमच्या अकॅडमीत निम्मी पोरं अनवाणी कारण बूट घ्यायला पैसे नाहीत आणि जे घेतात ते जड घेतात. मी मोठ्या भावाचे घालायचो, एक नंबर मोठे, डबल सॉक्स घालून. सकाळी ५ ला डांबरी रस्ता, संध्याकाळी मैदान. नडगी इतकी दुखायची की जिना उतरताना रडू यायचं. सर म्हणायचे दुखणारच. एका सिनियरने सांगितलं जाड सोलवाले रोजच्या सरावाला ठेव आणि टायमिंगच्या दिवशीच हलके घाल, आणि रोज डांबरावर पळू नको. नडगी महिनाभरात बरी. आता धुळ्यात ड्युटीला आहे, ड्युटीच्या बुटांबद्दल वेगळा धागा लागेल 😄

पारोळ्याची_लेक
@खाकी_स्वप्न अभिनंदन दादा! मुलींना ८०० असतं ना? माझी भाची करतेय तयारी.

माझं सांगते पोळ्या लाटता लाटता. तालुक्याच्या दुकानात "लेडीज स्पोर्ट" मागितले की गुलाबी काढतात, वर चमकी, सोल एवढासा पातळ. मी म्हटलं पळायचंय, तर दुकानदार म्हणे "ताई वॉकिंगलाच चालतील तुम्हाला". त्याने ठरवलंच. मग मुलांचे ५ नंबर घातले तर ते बसले मस्त, फक्त टाचेला ढिले. तेव्हा एका मैत्रिणीने लेसची युक्ती दाखवली, सगळ्यात वरचं जे जास्तीचं भोक असतं ना ज्यात कोणीच लेस घालत नाही, त्यात त्याच बाजूने लेस परत घालून छोटा फास करायचा आणि समोरची लेस त्या फासातून ओढून मग गाठ मारायची. टाच हलतच नाही. इतकी वर्षं ते भोक कशाला असतं तेच माहीत नव्हतं. करून बघा नक्की. पोळी करपली, येते.

खाकी_स्वप्न
हो ताई ८००. २ मिनिट ५० ला पूर्ण मार्क. भाचीला सांगा नवीन बूट ग्राउंडच्या दिवशी काढायचे नाहीत, आधी दोन-तीन आठवडे घालून मोकळे करायचे.

आप्पा_चोपडेकर
आम्ही पळत नाही, आम्ही चालतो. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी, दरवर्षी. भर उन्हात. कोणी पंधराशेचे घालून येतं कोणी पाच हजारचे, दुसऱ्या दिवशी सगळे सारखेच लंगडतात. नवा जोडा घालून निघालेला माणूस अर्ध्या वाटेच्या आत ओळखू येतो. फोड आला तर सुईत दोरा ओवून आरपार काढायचा आणि दोरा तसाच ठेवायचा, पाणी निथळत राहतं.

हाडवैद्यीण_ताई
आप्पा दोरा आत ठेवू नका हो, त्याच्यावाटे जंतू आत जातात. लहान फोड असेल तर फोडूच नका. फारच तट्ट फुगला तर स्वच्छ सुईने कडेला टोचा, वरची कातडी काढू नका आणि झाका. मधुमेह असेल तर स्वतः काहीच करू नका, सरळ डॉक्टर.

मी फिजिओ आहे, थोडं कामाचं लिहून जाते, पेशंट बाहेर बसलेत. पाय संध्याकाळी मोजायचा, दिवसभराने थोडा सुजलेला असतो, पळतानाही सुजतो. मोजायचा उभं राहून, दोन्ही पाय, मोठा असेल त्याच्या मापाचा घ्यायचा. पुढे अंगठाभर जागा. पळताना जे मोजे घालता तेच घालून बघायचं आणि सुती नको, घाम धरून ठेवतात आणि फोड तिथूनच.

पूर्वी ओला पाय शहाबादी फरशीवर उमटवायचा आणि सपाट दिसला तर अमुक बूट, कमान दिसली तर तमुक, असं सांगायचे. अमेरिकेच्या लष्करात नवीन भरती झालेल्यांवर हे करून बघितलं, पायाच्या आकाराप्रमाणे बूट वाटले तरी दुखापती काही कमी झाल्या नाहीत. त्यामुळे मी पेशंटला म्हणते दुकानात दोन मिनिटं पळून बघा, पहिल्या मिनिटापासून पायाला सुख वाटलं तर घ्या, "नंतर सैल होईल" म्हणून घेऊ नका. टाच आणि पंजा यांच्या उंचीतला फरक बघा, नेहमीचे १० मिमीच्या आसपास असतात, एकदम शून्यवाले घेतले की पोटरी आणि टाचेची शीर बोंबलते. सवय लावत जायचं.

आप्पा_चोपडेकर
बरं ताई. दोरा बंद. पण माझ्या आईने आयुष्यभर केलं.

केळीवाला_रावेर
बुटांपेक्षा काटे बोला!! आमच्या बांधावर पळा म्हणजे कळेल. महागातले मऊ फोमवाले घेतले, आठवडाभरात उजव्या पायाला टोचायला लागलं. घरात फरशीवर चाललो तर काहीच नाही, पळायला लागलो की बरोबर चवड्याखाली. सुकतळा काढून हात फिरवला, काही लागेना. सोल बघितला, काही दिसेना. मला वाटलं पायातच काही झालं, डॉक्टरकडे जायच्या बेतात होतो. मग वडिलांनी बूट मागितला, सोल दोन्ही हातांनी वाकवला, म्हणे हा घे. बाभळीचा काटा, बाहेरून बुडाशी मोडलेला, फोममध्ये सरळ उभा. फोम दबला की टोक वर यायचं, पाय उचलला की परत आत. पक्कडीने ओढला तर चांगला पेराएवढा निघाला. तेव्हापासून बांधावर पळायला खाली जाड रबर असलेले वेगळे. आणि सराटे तर मोजतच नाही, ते घरी येतातच रोज पाच-पंचवीस, आई ओरडते.

पळता_भुई
सराटे 😂😂 चादरीत पण निघतात

नंदुरबारी
काळ्या मातीचं कोणी बोललंच नाही. पहिला पाऊस झाला की पाच मिनिटात बूट दोन-दोन किलोचा. खोल खाच्यावाले ट्रेलचे घेतले तर खाच्यांतच माती भरून बसते, त्यापेक्षा साधे बरे. तोरणमाळला मात्र ट्रेलचेच, तिथे वर दगड आणि मुरूम. कोणाला जोडीने यायचं असेल तर सांगा. थंडीत या, तलावाकाठी सकाळी काय वाटतं ते तिथंच कळेल.

मास्तर_अमळनेर
१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी जिंकला हे आपण मुलांना जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. पण तिथे मिळालेले नवे बूट त्याला नीट बसेनात म्हणून तो अनवाणी धावला, तशी सवय होतीच त्याला. वेळ २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. आणि १९६४ ला टोकियोत बूट घालून परत जिंकला, त्याआधी महिना-दीड महिना अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं. शेजारच्या जिल्ह्यातली आपली कविता राऊतसुद्धा सुरुवातीला अनवाणीच पळायची, पुढे २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुलला १० हजार मीटरचं ब्राँझ. मुलांना हे सांगितलं की एक जण हमखास म्हणतो मग सर आम्ही पण बूट नाही आणत उद्या.

भुसावळ_जंक्शन
😂 सर तो पोरगा पुढं नेता होईल

तापीकाठ
सगळ्यांचे आभार, एवढे लिहितील वाटलं नव्हतं. @पारोळ्याची_लेक त्या भोकाची युक्ती आज करून बघितली, कमाल आहे. जुना एक नंबर मोठा जोडा परत चालू झाला.

मेहरूणची_बोरं
मेहरूणचं नाव निघालं म्हणून आले. बोरं खरी मेहरूणची मिळतात का हो अजून कुठे? लहानपणी शाळेबाहेर मीठ लावून मिळायची. पुण्यात मेहरूणची म्हणून काहीही विकतात.

तापीकाठ
मिळतात ताई पण झाडं कमी राहिली, प्लॉटिंगमध्ये गेली बरीच. थंडीत या.

मेहरूणची_बोरं
येते. माहेरी आखाजीलाही जमलं नाही यंदा. बुटांचं मला काही माहीत नाही, सॉरी.

पारोळ्याची_लेक
किती किलोमीटरनंतर बदलायचे कोणी सांगाल का? माझे दिसायला नवेच आहेत.

हाडवैद्यीण_ताई
साधारण ५०० ते ८०० किमी म्हणतात, वजन आणि रस्त्यावर आहे. वरून दिसत नाही ते. सोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील आणि गुडघा-पिंढरी विनाकारण कुरकुरायला लागली असेल तर समजा. टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कलतोय का.

पारोळ्याची_लेक
कलतोय 😭 बघते, कापूस विकला की.

केळीवाला_रावेर
ताई कापसाच्या भावाच्या भरवशावर राहाल तर अनवाणीच पळाल

पळता_भुई
ए भो, कोणाकडे ९ नंबर पडलाय का न घातलेला? भाचा भरतीची तयारी करून राह्यला, सँडलवर पळतो.

तापीकाठ
माझ्याकडे आहे, तो सेलवाला. दोनदाच घातला असेल, पण अरुंद आहे. त्याचा पंजा कसा आहे?

पळता_भुई
माहीत नई. घेऊन येऊ का त्याले उद्या?

तापीकाठ
ये. सहानंतर आण, पाय सुजलेला असू दे. मोजे पण आणायला सांग.